मेंढरांची वाट

परतूर स्टेशनच्या बाकावर शेजारच्या म्हातारीने माझ्या इअरफोनकडे बोट दाखवलं. अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नाही, म्हणून न बोलताच एक तिच्या कानात घातला. आयर्लंडकडच्या चालीवर कुणीतरी हार्पच्या तारा छेडत होतं. ऐकता ऐकता तिने लुगडं सावरून पाय बाकाखाली ओढून घेतले.

"काय झालं, आजी?"

"वाट दिली गं. आमची मेंढरं सांजंला अशीच घुंगरं वाजवत यायची. लेकानं समदी विकली."

गाडी दिसली. मी फोनकडे हात नेला.

"थांब जरा. समदी घरी येऊ दे."

आता ती धून लागली की मीही पाय मागे घेते. माझी कधी मेंढरं नव्हती, तरी कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं.