दहापैकी दोन

संत्र्याच्या ढिगात एक सडकं निघालं की शेजारची चार निघतातच. आजारपणाच्या किश्शांचंही तसंच. अमरावतीच्या आमच्या फळबाजारात बाबाराव दलालांना गाठ निघाली आणि आम्हा सगळ्या व्यापाऱ्यांचं शहाणपण बाहेर पडलं.

*

आधी डोळे पिवळे झाले. तपासणी कोण करतो? आम्ही भातकुलीहून काविळीची माळ आणली. डोक्यावर घातलेली माळ वाढत वाढत खाली उतरणार, तसा आजार उतरणार. माळ बेंबीपर्यंत आली. पिवळेपणा जागचा हलला नाही.

"गुण आला," बाबाराव म्हणाले, "पण माळेले."

शेवटी अकोल्याला स्कॅन झालं. पित्तनळीत गाठ, यकृतापर्यंत पसरलेली.

*

मग अंगभर खाज. मलमं झाली, कडुनिंबाचं पाणी झालं. बाबाराव खोक्यांच्या थप्पीला पाठ घासत लिलाव पुकारायचे. पुण्याचा एक खरेदीदार बिचकला, "यांचं हे लागट तर नाही ना?"

"हाय ना. जो कमी बोली लावते, त्याले होते."

*

भेटायला येणारा प्रत्येक जण संत्री घेऊन यायचा. संत्र्याच्या दलालाला! त्यांना तर दोन फोडींतच मळमळायचं. "सकाळी विकलेला माल संध्याकाळी घरी वापस येऊन रायला," म्हणायचे.

पुढे पोटात पाणी झालं. हातपाय काड्या, पोट घागर. धामणगावचे व्याही पोटाकडे पाहून खूश, "तब्येत भरली तुमची."

"थोडी तुमी घेऊन जा."

*

डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "दहापैकी किती दुखतं?" त्यांची बायको, शांतावहिनी, शेजारीच असायच्या. बाबाराव म्हणायचे, "दोन." दोनाला साध्या गोळ्या मिळायच्या, आणि दुखण्यापायी झोप बसल्या बसल्याच.

"खरं सांगा की," मी म्हटलं.

"खरं आयकलं तर शांता जेवन सोडन."

मग मीच तोड काढली. आमचे जुने दलाल अजूनही दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. म्हटलं, "तोंडानं दोन म्हणा, खरा आकडा माझ्या हातात द्या. डॉक्टरांना मी नंतर सांगतो."

डॉक्टरांनी विचारलं. बाबारावांनी डोळे मिटले, मांडीवर दुपट्टा ओढला, "दोन" म्हणाले. मी हात पुढे करायच्या आत वहिनींनी आपला हात दुपट्ट्याखाली सारला.

कापड हललं. थांबलं. पुन्हा हललं.

"आठ," वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या.

बाबारावांनी डोळे उघडले.

"काहून पायता? माहा बाप बी दलालच होता."