गोड्या पाण्याची चोरी

१९५८ च्या उन्हाळ्यात, कुवेतच्या एका रंग आणि घरसामानाच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर, माझ्या सख्ख्या मामाने मला रंगाचं पाणी प्यायला लावलं. मी प्यायलो.

दुकानात नळ, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, डिस्टेंपर सगळं मिळायचं. मालक कुवेती. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. पूर्वी खजुराच्या व्यापारासाठी मुंबईला जाऊन आल्यामुळे त्याला हिंदी येत होतं. दुकान चालवायचे दाऊदमामू, माझ्या आईचे भाऊ. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातली बहुतेक माणसं त्यांनीच कुवेतला आणली होती. मलाही.

डिस्टेंपर पाण्यात कालवून भिंतीला लावण्याजोगं करून द्यायचं, हे माझं काम. मागच्या अंगणात दोन पिंपं होती. एकात टँकरचं गोडं पाणी, दुसऱ्यात फरशी धुवायचं खारं. गोडं पाणी महाग. एके सकाळी मामू मागे आले.

"रंगाला खारंच घाल."

"चालेल ना, मामू?"

"भिंत चाखून कोन बघनार हाय?"

तिथे आमच्याच गावचे दोघे हमाल पोती उचलत होते. ते हसले. मीही हसलो. खारं घातलं.

तो रंग तेल कंपनीच्या एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात गेला. काही दिवसांत भिंतींना मीठ फुटलं, रंगाचे पापुद्रे सुटले. साहेबाची मडम एक पापुद्रा रुमालात घेऊन दुकानात आली. अरबाब गल्ल्यावर बसला होता. त्याने मामूंकडे पाहिलं. मामूंनी माझ्याकडे.

"ये चोर है, अरबाब. मीठा पानी नहाने को चुराता है, रंग में खारा डालता है."

मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत.

मामूंनी मी कालवलेल्या रंगाच्या डब्यात पेला बुडवून माझ्यापुढे धरला. "पी. सबके सामने पी. खारा है या मीठा, बोल."

पांढरं, दाट, चुन्याच्या वासाचं. गिळलं.

"खारा है."

"देखा? कबूल किया."

मडमने तोंड फिरवलं. गिऱ्हाइकं हसली. मी फडक्याने ओठ पुसले आणि पुन्हा कामाला लागलो. हेही खरं आहे.

आम्ही गावची सगळी माणसं एकाच खोलीत राहायचो, एकाच थाळ्यात जेवायचो. खोलीचा एक रिवाज होता. गावचं भांडण खोलीतच मिटवायचं, अरबाबपुढे न्यायचं नाही. त्या संध्याकाळी मामू थाळ्यावर शांतपणे बोलले.

"उद्या अरबाबला सांग, चोरी केली. मी रदबदली करतो. तुझी नोकरी राहील. माझी गेली तर ही सगळी खोली गावाला जाईल."

"खारं घालायला कोणी सांगितलं, मामू?"

"तुला इथं कोणी आणलं, ते आईला विचार."

खोलीतले वडीलधारे हुसेनचाचा म्हणाले, "बोल रे बाबा. एक शब्द. तुझं काय जातंय?"

दोघे हमाल समोरच बसले होते. मान खाली, घास चालू. त्या खोलीत माझ्यावर अविश्वास कोणाचाच नव्हता. सगळ्यांना खरं ठाऊक होतं. मला चोर ठरवणं सगळ्यांना सोयीचं होतं, एवढंच. मी थाळ्यातून हात काढला.

सकाळी दुकान उघडल्यावर मी अरबाबपुढे उभा राहिलो. "मैंने पानी नहीं चुराया. खारा डालने को मामू ने बोला."

"किसी ने सुना?"

मी हमालांची नावं सांगितली. त्यांना बोलावलं गेलं. दोघेही म्हणाले, "मालूम नहीं, अरबाब."

अरबाब माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. "माफी माँग. काम कर."

"जो किया नहीं, उसकी माफी नहीं माँगूँगा."

त्याने पुन्हा बजावलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

माझा कामाचा परवाना रद्द झाला. खोलीतली वळकटी मी त्याच दिवशी उचलली. मुंबईच्या बोटीवर सोडायला गावचं दुसरं कोणी आलं नाही. मामू आले. नवा कोरा रुमाल माझ्या हातात देत म्हणाले, "आईला सांग, हवा मानवली नाय."

रुमाल मी परत दिला.

घरी पोचलो तेव्हा आईने विचारलं, काय झालं. मी तिला तिच्या भावाचं नाव सांगितलं.