ओल्या दगडावरची पाकळी

माझ्या लेकीनं, मुक्तानं, फोनवर दोन फोटो दाखवले. एक औलीचा, एक गुलमर्गचा. "आई, स्कीइंग शिकायला कुठे जाऊ? तूच ठरव, म्हणजे मागाहून कटकट नको."

दोन्हींत सारखाच पांढरा उतार आणि त्यावरून घसरत चाललेलं तिळाएवढं एक माणूस. डोंगर मला दिसेचना. तेवढा तीळच दिसत राहिला.

आमच्या कोकणात असं अडलं की देवाला कौल लावतात. मी देवघरातल्या काळ्या दगडाच्या गणपतीला पाणी लावलं आणि दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी चिकटवली. उजवी औलीची, डावी गुलमर्गची. आधी पडेल ती खरी.

"देवाला बर्फातलं कळतं का गं?" मुक्ता हसली आणि लोकरीचे मोजे शोधायला आत गेली.

मी बसून राहिले. पाणी जरा जास्तच लावलं होतं, पाकळ्या चिकटून राहाव्यात म्हणून. कौल मागायचा आणि तो मिळू नये म्हणून त्याच देवाला विनवायचं! पोरीला चालायला शिकवताना हात मीच सोडला होता, पण तेव्हा समोर दोन पावलांवर मीच बसलेली होते. त्या उताराखाली कोण बसलेलं असेल?

"पडली का गं?" आतून हाक आली.

तेवढ्यात उजवी पाकळी सुटली. म्हणजे औली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याआधीच माझी ओंजळ तिच्याखाली गेली होती.