बेसण्यातली गिटार

माझ्या भाचीच्या कंट्री म्युझिकच्या कार्यक्रमासाठी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार हवी होती, आणि अख्ख्या बडोद्यात ती वाजवणारे गृहस्थ मला एका बेसण्यात सापडले. बेसणं म्हणजे आमच्याकडची शोकसभा; तिथे ते फोटोशेजारी बसून भजनांच्या चाली वाजवायचे, हाच त्यांचा धंदा. फोटोला फूल वाहून मी थेट त्यांच्याकडेच वळलो; कोण वारलं होतं, ते आता आठवतही नाही.

शहरातल्याच वाडी भागात राहणारे, साठीचे, कायम पांढऱ्या कपड्यांतले. वाजवताना मान वर करत नसत. आमची अमेरिकन गाणी मोबाइलवर ऐकून म्हणाले, "घर सुटलं, बायको गेली. हे तर आपलं रोजचंच आहे ने, भाई!" तालमीला सगळ्यांच्या आधी यायचे. फक्त टाळ्या वाजल्या की दचकायचे.

कार्यक्रम दोन दिवसांवर आला आणि त्यांची बायको खरोखरच गेली. बेसणं नेमकं कार्यक्रमाच्याच दिवशी, चार ते सहा. मी गेलो. वाजवायला कोणीच नव्हतं. थोड्या वेळाने ते स्वतःच फोटोशेजारून उठले, गिटार मांडीवर घेतली आणि सहा वाजेपर्यंत खाली मान घालून वाजवत राहिले.

लोक पांगले. मी नुसते हात जोडले. कार्यक्रमाचं विचारायला जीभ रेटेना. गिटार पेटीत ठेवत त्यांनीच विचारलं, "गाडी आणलीत ने? सातला सुरू करायचंय."

आणली होती. निघताना वेळ जाऊ नये म्हणून मी ती येतानाच वळवून लावली होती.