दाढी आहे तशी ठेवा

हॉस्पिटलच्या तळघरात, किरणोपचाराच्या मशीनशेजारच्या खोलीत जी बसते तिला सगळे मुखवटेबाई म्हणतात. हुद्दा लांबलचक, पगार मात्र आखूड. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मशीन सुरू करायचं, भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या लाल रेषा बरोबर मध्यावर पडतात का बघायचं, किरण कालच्याइतकेच निघतात याची मोजणी करून आकडे फिजिसिस्ट सरांपुढे ठेवायचे. मग दिवसभर मुखवटे. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी पेशंटच्या तोंडावर ताणून बसवायची आणि गार होऊन कडक होईपर्यंत दाबून धरायची. रोज उपचाराच्या वेळी याच मुखवट्यात माणसाला टेबलाशी जखडतात, म्हणजे डोकं हलत नाही आणि किरण गाठीवरच पडतात.

तिचा हात चांगला, आणि तोंड त्याहून चांगलं. घाबरलेल्या माणसाला ती म्हणायची, "पाच मिनिटं गप्प पडा. घरी तुमचं तोंड इतक्या लाडानं कोण बंद करतं?" माणूस हसायचा, मान सैल सोडायचा. शेवटी एक वाक्य ठरलेलं: "उपचार संपेपर्यंत दाढी आहे तशी ठेवा. असेल तर काढू नका, नसेल तर वाढवू नका. मुखवटा सैल झाला की सगळं मुसळ केरात."

हे वाक्य तिने आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं. फक्त एका माणसाला सांगायचं राहिलं, आणि तो तिचा बाप.

बाप न्हावी. जन्मभर दुसऱ्यांच्या हनुवट्या दोन बोटांत धरून "हलू नका" म्हणत आलेला. त्याच्या स्वतःच्या गालावर कधी खुंट दिसला नाही. हीच माझ्या दुकानाची पाटी, म्हणायचा. मग घशात गाठ निघाली, आवाज बसला, गिळणं थांबलं, नाकात नळी आली, आणि त्या गुळगुळीत तोंडावर पांढरी दाट दाढी चढली. मुखवट्याच्या दिवशी सर म्हणाले, "आधी दाढी काढून घे." तिने बापाकडे पाहिलं. तो बसल्या जागी पेंगत होता.

"राहू दे सर, दमलेत ते. आहे तशीच करते."

तसंही चालतं, पुढे कुणी दाढीला हात लावला नाही तर. त्या दिवशी तिला थट्टा सुचली नाही. बापाचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरताना तिला रडू फुटलं, ते त्याला दिसू नये म्हणून ती तोंड फिरवून उभी राहिली. मुखवटा कडक झाला, तिने त्याचं कपाळ पुसलं आणि भावाच्या हाती सोपवून त्याला घरी पाठवलं. जन्म दाढ्या करण्यात घालवलेल्या माणसाला दाढीबद्दल काय सांगायचं, असंही तिच्या मनात आलं असेल. काही असो, वाक्य राहिलं.

पहिला आठवडा सुरळीत गेला. सोमवारी मशीनवरच्या माणसाने हाक मारली, "मुखवटेबाई, जरा आत या."

टेबलावर बाप पडला होता. तोंड लख्ख. आदल्या दिवशी थरथरत्या हाताने त्याने स्वतःच वस्तरा फिरवला होता, आणि कुठे साधा ओरखडा नाही.

"बाबा, हे काय केलंत?"

घोगऱ्या आवाजात तो कुजबुजला, "रोज तुझ्या साहेबांपुढे भिकाऱ्यासारखा यायचो. तुला कमीपणा नको."

मुखवटा चढवला तर हनुवटी आणि जाळी यांच्यामध्ये तिचं बोट सहज गेलं. जबडा आत हलत होता. मानेखाली टॉवेलची घडी घालून पाहिली, मान वरखाली करून पाहिली; स्क्रीनवरचं चित्र आधीच्या स्कॅनशी जुळेना. सरांनी मान हलवली. "पाठीचा कणा इतका जवळ आहे. मी ही जोखीम घेणार नाही. नवा मुखवटा, नवा स्कॅन, प्लॅनिंग पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे आठवडा गेला. घशाच्या गाठीला असा खंड मानवतो. जेवढी मारली तेवढी ती पुन्हा उभी राहते. हे तिला ठाऊक होतं, आणि बापाला नव्हतं.

"माझ्यामुळे झालं का गं?" त्याने विचारलं.

"नाही बाबा. मशीन बिघडलंय."

बाहेरच्या बाकावर बसून तो बघत राहिला. मशीन बिघडलं म्हणावं, तर माणसं एकामागून एक आत जात होती आणि बाहेर येत होती. त्या दिवसापासून त्याने आपल्या तोंडाला तिला विचारल्याशिवाय हात लावला नाही. हनुवटीवर बोट फिरवून तो खुणेनेच विचारायचा, चालेल? ती म्हणायची, "आत्ता वस्तरा नको, कातडी भाजलीय. कात्रीने मीच बारीक ठेवते, मुखवट्याला तेवढं पुरे." उपचार संपले, कातडी भरून आली, तरी गालांवरची दाढी त्याने ठेवली. भाऊ म्हणाला, आता काढा की. तर म्हणाला, "पुन्हा मुखवटा लागला तर? हिच्या कामात पुन्हा घोळ नको."

काही महिन्यांनी गाठ परत आली, त्याच जागी. डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावून सांगितलं: त्या जागी आता पुन्हा किरण देता येणार नाहीत, आणि ऑपरेशन त्याला झेपणार नाही. तिने सरांना गाठलं. "त्या आठवड्यामुळेच का, सर?"

"असं कुणी सांगू शकत नाही," सर म्हणाले.

तसं नाही असंही कुणी सांगू शकत नव्हतं, आणि ते तिला कळत होतं. घरी तिने कुणालाच काही सांगितलं नाही. बापाला तर कुठल्या तोंडाने सांगणार?

एके दुपारी ती उशाशी बसली होती. बापाने डोळे उघडले. गालांवर दाढी माजली होती, जबड्याखाली मात्र एक केस नव्हता. किरण जिथून गेले तिथे तो पुन्हा उगवलाच नाही. त्याने गालावरून हात फिरवला.

"आता काढली तर चालेल ना?"

तिला प्रश्न कळला. चालणार नाही म्हटलं असतं, तर अजून एक मुखवटा होईल असं त्याला वाटलं असतं. चालेल म्हटलं, तर सगळंच सांगून झालं. मशीन बिघडलंय, हे खोटं एकदा सांगून झालं होतं.

"चालेल, बाबा," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिने कपाटातून त्याची पेटी काढली, फेस केला, त्याची हनुवटी दोन बोटांत धरली. "हलू नका" म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तसं म्हणायची गरजच नव्हती. बापाने डोळे मिटून हनुवटी आपणच वर केली होती, आणि तो अजिबात हलत नव्हता.