तेलावर छापा बसत नाही

मी आठवी नापास, मेंदीतलंही मला फक्त छापेच यायचे. ट्रान्सफरचा कागद तळहातावर ठेवायचा, मागून ओल्या कापसाने दाबायचा, सोलला की निळी नक्षी तयार. तिच्यावरून कोन फिरवायचा, झालं! चारकोपच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका खूश, मीपण खूश.

मग नणंदेचं लग्न ठरलं.

"वहिनी, मला छापा नको हां. सगळ्यांच्या हातावर तोच मोर! तू हाताने काढ."

"मला कुठे येतं गं?"

"मग शिक ना!"

शिकले. पोरगी दूध पिऊन झोपली की स्टीलचं ताट उपडं घालून बसायचे, कोनात मैद्याची पेस्ट. आधी रेघ कसली, गांडूळच! मग मोबाइलवर बघून बघून कळलं, कोनाचं टोक टेकवायचंच नाही, वरून धागा सोडायचा, तो आपसूक पडतो. पहिली वेल गोल वळली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या, पोरगी दचकून उठली, आणि रांगत येऊन तिने सगळी वेल पुसून टाकली.

पण ताटाला थोडंच लग्न करायचं असतं? मेंदीच्या दिवशी नणंद समोर बसली, आजूबाजूला मावश्या, आत्या, आणि तिने हात पुढे केला तसा मी उचललेला कोन परत खाली ठेवला. नवरीचा हात! बिघडला तर चुडा भरताना, हार घालताना, प्रत्येक फोटोत तोच हात दिसणार. मी तिच्या कानाशी लागले, "छापाच लावते गं, प्लीज."

तिचा चेहरा पडला. "लाव," एवढंच म्हणाली.

मी घाईघाईने कागद दाबला. आणि विसरलेच की रंग चढावा म्हणून मीच आत्ता तिच्या हाताला निलगिरीचं तेल चोळलंय! तेलावर छापा बसेल कसा? कागद सोलला तर मोरबिर काही नाही, तळहाताच्या मधोमध एक निळा ढब्बू डाग. पुसला तर शेपूट फुटली त्याला. वाट लागली!

नणंदेने डोळे बारीक करून बघितलं. "वहिनी, ही सुरमई आहे गं!"

आणि ती जी हसत सुटली, मलाही आवरेना. हसता हसताच कोन उचलला, धागा सोडला. डोळा काढला, पंख काढले, खवल्यांची जाळी भरली, डाग पार झाकून गेला. माशाच्या तोंडातून बुडबुडे, बुडबुड्यांतून वेल, वेल चढली थेट बोटांवर.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. "ह्या काय गे? लग्नाच्या हातार मासो?"

मी कोन पाठीमागे लपवला.

"आई, असू दे," नणंद म्हणाली, "असा कुणाच्याच हातावर नसेल. वहिनी, दुसऱ्या हातावरपण काढ, एकटा कंटाळेल तो."

सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला, वाकून बराच वेळ बघितलं. मग नणंदेला ढोसून बाजूला सरकवलं आणि माझ्यासमोर स्वतःचा हात पसरला.

"तिचो दुसरो हात मागसून. आधी माका काढ. पण माका बांगडो व्हयो."