रांजणावरचं फडकं

घाटावरच्या कर्जतच्या एसटी स्टँडवर पाणपोई सांभाळणारा तो माजी सैनिक कुणाशी फारसा बोलत नसे. बाहत्तरच्या दुष्काळाचं साल. मास्तरणीच्या नोकरीसाठी मी कोकणातून एकटीच आले होते आणि शाळेला जाताना रोज त्याच्याकडे पाणी प्यायचे. रांजणाच्या गळ्याला त्याने एक ओलं फडकं बांधलेलं असे. रोज ते सोडून बघायचा, पुन्हा बांधायचा. एकदा मी विचारलंच.

"हिमालयातलं बी हाय, बाई. बरफ वितळला की कुरनभर जांभळी फुलं. एकदा रुजलं की दर साली आपलं आपन फुटतंय. शेंग पार आपल्या मटकीवानी, म्हनून मोड आनायला बांधलंय."

मला हसू आलं. रानफुलाला असे मोड कुठे येतात! तो मात्र स्वतःच्या वाट्याचं पाणी त्यावर शिंपडत राहिला.

चैत्रातल्या एका सकाळी त्याने फडकं माझ्यापुढे धरलं. एका दाण्याला पांढरा मोड आला होता. मी आनंदाने ओरडलेच. त्याने मात्र फडकं पुन्हा मिटलं.

"चुकलंच माजं," तो म्हणाला. "हितं त्याचं कोन हाय?"

मी न पिताच पेला खाली ठेवला; इथे माझं तरी कोण होतं?